चालत आलेले चेहरे

गल्लीच्या वळणावर, न्हाव्याच्या दुकानाला लागून, एक फोटो स्टुडिओ आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं इतकी फिकट झाली आहेत, की ज्याला दुकान माहीत आहे त्यालाच ती वाचता येतात, आणि त्याला वाचायची गरज नसते. दुकान दोघा भावंडांचं, वडिलांकडून आलेलं. गल्ल्यावर धाकटा भाऊ बसतो आणि कॅमेऱ्यामागे थोरली बहीण उभी असते. तिला सगळी गल्ली फोटोताई म्हणते.

फोटोताईचं काम मुख्यतः ओळखपत्राच्या फोटोंचं. लग्नसमारंभ तिनं कधीच सोडून दिले. तिथं नवरीपेक्षा नवरीच्या मामांचे फोटो जास्त काढावे लागतात, असं तिचं म्हणणं. ओळखपत्राचा फोटो मात्र तिला मनापासून आवडायचा. पांढरा पडदा, एक लाकडी स्टूल, दोन दिवे आणि समोर घाबरलेला माणूस. "हनुवटी खाली. आणखी थोडी. श्वास सोडा हो, मी पोलीस नाही," एवढं बोलून ती बटण दाबायची. लोक म्हणायचे की ओळखपत्रावर आपण चोरासारखे न दिसणं हे या एकाच दुकानात घडतं.

तिची एक खोड होती. तिच्या लक्षात नावं राहायची नाहीत, माणूस बसतो कसा ते राहायचं. कॉम्प्युटरवर फोटो साठवताना ती नावाच्या जागी तेच लिहायची. 'डावा खांदा पडका'. 'कान लपवते'. 'उगाच हसतो'. भाऊ यावरून डोकं आपटून घ्यायचा. "ताई, गिऱ्हाईक नावानं विचारतं गं, खांद्यानं नाही!" पण जुना फोटो मागायला कुणी आलं की फोटोताई त्याला नाव विचारतच नसे. "बसा जरा स्टुलावर," म्हणायची, दोन क्षण निरखायची, आणि नेमका फोटो काढून द्यायची. भावाला हे पटायचं नाही, पण चुकलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो नुसताच कुरकुरायचा.

भावाचा स्वभाव वेगळा. नीटनेटका, मवाळ, कुणाशी वाकडं नको म्हणणारा. वीज गेली तरी वीज कंपनीला पत्र लिहिताना 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात करणारा. दुकानातले सगळे नवे फोटो तो काही वर्षांपासून एका मोठ्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीत टाकत होता. घरात त्याला 'वरचं कपाट' म्हणायचे. महिन्याला भाडं जायचं, डोक्याला ताप नव्हता. फोटोताईला ते कधीच आवडलं नव्हतं, पण तेव्हा तिनं तक्रार केली नाही. खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या डिस्क पडलेल्या होत्याच. गेल्या काही वर्षांचे चेहरे मात्र फक्त वर होते.

आणि एका सकाळी वरचं कपाट बंद झालं.

भाऊ कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत मोठ्यानं वाचू लागला. कंपनीच्या तपासणी यंत्रणेला या खात्यात हजारो अनोळखी व्यक्तींचे समोरून काढलेले, पांढऱ्या पार्श्वभूमीचे चेहरे आढळले होते. असे चेहरे खोटी ओळखपत्रं बनवणाऱ्यांकडे सापडतात. म्हणून खातं थांबवण्यात आलं होतं. शेवटी एक प्रश्न होता: हे चेहरे तुमच्याकडे कुठून आले?

"कुठून आले म्हणजे?" फोटोताई कॅमेरा पुसत होती, ती थांबली. "चालत आले! पायऱ्या चढून आले, दारात छत्र्या ठेवून आले, आरशात भांग पाडून आले. लिही त्यांना."

भावानं ते लिहिलं नाही. त्यानं 'आदरणीय महोदय' लिहिलं, मग 'नम्र विनंती' लिहिली, दुकान किती जुनं आहे ते लिहिलं. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की ते वाचून लिहिलेलं नव्हतं हे मवाळ भावालासुद्धा कळलं. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, असं त्यात म्हटलं होतं, आणि अडचण तशीच ठेवली होती. त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. शेवटी कंपनीनं एक वाट दाखवली. दुकानाच्या मालकानं कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचा चेहरा दाखवायचा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. सोबत ओळखपत्र. यंत्राला पटलं तर खातं उघडेल.

"बस ना ताई, दोन मिनिटांचं काम आहे," भाऊ म्हणाला.

"मी?"

"मग? कपाट तुझ्या फोटोंचं आहे."

फोटोताई लालबुंद झाली. "माझा जन्म गेला लोकांना हनुवटी खाली करा म्हणण्यात. आता एक यंत्र मला सांगणार, हनुवटी खाली कर म्हणून? आणि का, तर त्यांनी माझ्या वस्तूला कुलूप घातलं म्हणून? चोर तो चोर, वर शिरजोर! नाही बसत. काय करायचं ते करा म्हणावं."

समोरच्या टपरीत किल्ल्या बनवणारा एक कुलूपवाला होता. तो नेमका तेव्हा दुकानात शिरला. त्याच्या बायकोच्या ओळखपत्राचं नूतनीकरण होतं आणि बायको नवा फोटो काढायला तयार नव्हती. "तिला मागचाच पाहिजे, ताई. आणि खरं सांगू का, मलाही तोच पाहिजे. ती माझ्यावर रागावलेली नाही असा तो एकच फोटो आहे."

"तो वर अडकलाय," भाऊ म्हणाला. "कुलूप लागलंय."

"कुठंय कुलूप? मी उघडतो."

"ते कुलूप दिसत नाही हो."

कुलूपवाल्यानं थोडा विचार केला. "मग ते कुलूप नाही," तो म्हणाला. "ज्याची किल्ली मालकाकडे नाही त्याला आम्ही कुलूप म्हणत नाही."

हे वाक्य फोटोताईच्या डोक्यात बसलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं, की आपले चेहरे आपल्याच छपराखाली ठेवायचे. ड्रॉवरमधल्या डिस्कवरचे तर ठेवायचेच, आणि वरचे कधी सुटले तर तेही खाली आणायचे. घरातच साठवणीचं यंत्र उभं करायचं. त्यात दोन मोठ्या डिस्क, प्रत्येक फोटो दोन्हीवर, एक बिघडली तरी दुसरी शाबूत. किल्ली आपल्याकडे.

यंत्र म्हणून तिनं जे निवडलं ते पाहून भाऊ हादरला. दुकानाचा जुना कॉम्प्युटर, जो बरीच वर्षं गल्ल्याखाली पडून होता. भाऊ त्यावर पाय ठेवून बसायचा.

"मग माझे पाय कुठे ठेवू?"

"जमिनीवर. माणसं तिथंच ठेवतात."

पण भाऊही अगदीच गरीब गाय नव्हता. त्यानं अट घातली. डिस्क जुन्या झाल्यात, त्यातल्या एकीतून टकटक आवाज येतो, उद्या बंद पडली तर फिल्मवरून उतरवलेले वडिलांच्या वेळचे चेहरेही जातील. म्हणून या डब्यानं सलग महिनाभर न थांबता चालून दाखवायचं. एकदा जरी बंद पडला, तर तो स्वतः कंपनीपुढे बसणार, खातं आपल्या नावावर उघडून घेणार, आणि ड्रॉवरमधलं सगळं वर पाठवणार. मग ताईनं एक शब्द काढायचा नाही.

"कबूल," फोटोताई म्हणाली. सगळे चेहरे पुन्हा त्या वरच्यांच्या हाती जाणार, आणि आपण गप्प बसायचं, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

आता प्रश्न आला की डब्यात घालायचं काय. यंत्र चालू झालं की त्याला कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, ती ऑपरेटिंग सिस्टिम, ती निवडायची होती. भावाची मुलगी दूरच्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करायची. भाची फोनवर, आत्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जमिनीवर, असा कारभार सुरू झाला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण भाची हुशार होती आणि शेळीही काही कमी नव्हती.

"आत्या, सगळ्यात चांगली सिस्टिम सांगते," भाची म्हणाली. "साठवणीसाठीच बनवलेली. सुंदर पडदा, रंगीत तक्ते, सगळं एका बोटावर. फक्त तिला मेमरी लागते बरीच. तुझ्याकडे किती आहे?"

फोटोताईनं आकडा सांगितला.

"आत्या, तेवढी तर ती नुसती जागी व्हायलाच घेईल."

"घालून तर बघू."

घातली. तिनं त्या सिस्टिमचं नाव ठेवलं जावई. आल्याआल्या पाट मागितला, लोड मागितला, असेल नसेल ती मेमरी गिळली, आणि वर आणखी आहे का म्हणून विचारत बसला. एक फोटो ठेवायला सांगितला तर गोल गोल चक्र फिरवत बसायचा. पडदा मात्र देखणा होता, यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डबा बंद पडलेला होता.

हा सराव आहे, महिना अजून सुरू झाला नाही, असं फोटोताईनं भावाला ठणकावलं. मग दुसरी सिस्टिम आली. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून मधली घेतली. थोडी चित्रं, थोडी बटणं, रोजच्या वापरातल्यासारखी. ही दोन दिवस चालली. पण हिला सारखं काहीतरी नवं उतरवून घ्यायचं असायचं, कधी घड्याळ, कधी हवामान, कधी खेळ. "साठवणीच्या डब्याला हवामान कशाला पाहिजे?" फोटोताई ओरडली. तिसऱ्या दिवशी तीही गपगार झाली. भाऊ येता-जाता गल्ल्याखालच्या रिकाम्या जागेकडे बघायचा आणि त्याचे मोकळे पाय हलवत बसायचा.

"एक आहे," भाची शेवटी म्हणाली, थोडी कचरत. "अगदी हलकी. एका छोट्या पेनड्राइव्हवर मावते. पण तिच्यात काहीच दिसत नाही, आत्या. चित्र नाही, बटण नाही. नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. तू लिहायचं, ती करणार. तुला नाही जमायचं."

"नाही जमायचं?"

"म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"अगं, तुझ्या आजोबांनी मला फिल्म धुवायच्या काळ्या खोलीत उभं केलं तेव्हा तुझा बाप चड्डीत होता. मला काळ्याची भीती घालतेस?"

तिनं ती सिस्टिम घातली. नाव ठेवलं सडाफटिंग. ना सामान, ना मागण्या, ना पुढेमागे कुणी. तिला ती पहिल्या दिवसापासून आवडली. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, क्षणभर थांबायचं, आणि खालून हळूहळू उत्तर उमटायचं. पूर्वी फोटो धुताना ट्रेमधल्या पाण्यात कागदावर चेहरा उमटायचा तो असाच. हुकूम पाठ करताना तिची त्रेधा उडाली, एकदा तिनं चुकीची डिस्क पुसायचा हुकूम अर्धा लिहून ठेवला होता आणि भाची फोनवर किंचाळली म्हणून वाचली. पण महिना संपायच्या आत ती 'पडका' एवढं लिहून नव्या फोटोंतली पडक्या खांद्याची सगळी माणसं एका झटक्यात काढू लागली.

डबा पहिल्या दिवसापासून ठेवला होता काळ्या खोलीत.

ही खोली दुकानाच्या मागच्या बाजूला होती. वडिलांच्या वेळी फिल्म इथं धुतली जायची. फिल्म गेली, खोली उरली. भावाला ती पाडून तिथं फोनची कव्हरं विकणाऱ्याला जागा द्यायची होती आणि फोटोताईनं ती कधी पाडू दिली नव्हती. खिडकीच्या काचा काळ्या रंगवलेल्या, त्यावर फळ्या ठोकलेल्या, दाराच्या फटींना जाड लोकरीचा नमदा. धूर ओढणाऱ्या पंख्याचं भोकसुद्धा तिनंच मागे चिंध्या कोंबून बंद केलं होतं, कारण तिथून पलीकडच्या पाटीचा उजेड यायचा. किमती वस्तू ठेवायची तर अंधारात, कोरड्या जागी, दार लावून. वडिलांनी तिला हेच शिकवलं होतं आणि तिनं जन्मभर हेच पाळलं होतं. डब्यावरचे लुकलुकणारे हिरवे दिवेसुद्धा तिनं काळी चिकटपट्टी लावून झाकले, कारण काळ्या खोलीत दिवा हे तिच्या डोळ्यांना सहन होईना. बाहेरचा लाल बल्ब लावून ठेवला, म्हणजे भाऊ आत शिरायचा नाही. लाल बल्ब लागला की दार उघडायचं नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं.

"डबा ठेवलायस कुठे? जागा बरी आहे ना?" भाचीनं एकदा विचारलं होतं.

"उत्तम जागी आहे. धूळ नाही, ऊन नाही, तुझा बाप नाही."

भाचीचं समाधान झालं.

सडाफटिंग चालू लागला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तो फारसं काही करतच नव्हता, त्यामुळे थकतही नव्हता. फोटोताई फुशारली. न्हाव्याला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. "त्या बड्यांच्या नाकावर टिच्चून चालवलाय," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला हनुवटी खाली करायच्या आधी ऐकवायची. शेवटचा आठवडा लागला तसं तिनं ठरवलं की आता खरं काम द्यायचं. ड्रॉवरमधल्या सगळ्या जुन्या डिस्क तिनं डब्याला जोडल्या आणि सगळे चेहरे एकदम आत उतरवायला लावले. टकटक करणारी डिस्क पहिली. मग दार लावून घेतलं आणि नमदा नीट बसवला.

दुपारी कुलूपवाला आला. "काय ताई, आमची न रागावलेली बाई सापडली का? निदान त्याच्या आधीचा एखादा?"

"आधीचा जुन्या डिस्कवर असणार. आत्ता देते," फोटोताई म्हणाली. तिनं मुद्दाम भावाला हाक मारली. "ये, बघ. काढून दाखवते." गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवरून तिनं डब्याला हुकूम लिहिला, 'श्वास रोखलेली'. कुलूपवाल्याच्या बायकोची खूण तीच होती. तिघं पडद्याकडे बघत उभे राहिले.

रेघ लुकलुकत राहिली. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं. डबा सापडत नाही, असं पडद्यावर आलं.

कुलूपवाला घसा खाकरून म्हणाला, "मी उद्या येतो. घाई नाही." आणि तो पायऱ्या उतरून गेला.

"ताई," भाऊ म्हणाला, "एक सांगायचं होतं. मी गेल्या आठवड्यातच बसलो."

"कुठे बसलास?"

"स्टुलावर. तुझ्याच. तू बाजारात गेली होतीस. समोरून, डावीकडून, उजवीकडून. काल खातं उघडलं. सगळं आहे वर, एकही गेलेला नाही. एका फोटोचं काम होतं गं. तू एवढा तमाशा केलास." त्याचा आवाज कठोर नव्हता, उलट थकलेला होता. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा. उद्या ड्रॉवरमधलं वर पाठवतो. ठरलं होतं आपलं."

ठरलं होतं. फोटोताईला बोलायला जागाच नव्हती. आपल्या स्टुलावर, आपल्या दिव्यांत बसून भावानं त्या यंत्रापुढे हनुवटी खाली केली, हे तिला थपडेसारखं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. ती उठली आणि सडाफटिंगला चार शिव्या हासडायला काळ्या खोलीकडे गेली.

दार उघडून ती आत गेली आणि सवयीनं मागे लावून घेतलं. खोलीत वाफाळल्यासारखं वाटलं. तिनं आतला मंद लाल दिवा लावला. डब्याच्या डोक्यावर तिनं महिन्याच्या सुरुवातीला निगेटिव्हची एक जुनी पट्टी ठेवली होती, उद्या बघू म्हणून, आणि विसरली होती. ती पट्टी आता सपाट नव्हती. पार गुंडाळून घट्ट सुरळी होऊन बसली होती.

ज्यानं आयुष्यभर फिल्म हाताळली त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फिल्म अशी गुंडाळते ती एकाच कारणानं. फोटोताईनं डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग तिनं दाराचा नमदा पाहिला, ठोकलेल्या फळ्या पाहिल्या, चिंध्या कोंबलेलं भोक पाहिलं. सगळं तिनंच बंद केलेलं. डबा जिवंत होता, तो श्वास घेत होता, गरम हवा बाहेर सोडत होता, आणि तिनं त्याला पेटीत घालून झाकण लावलं होतं.

जावई गरम होऊन मेला होता. मधलीही गरम होऊन मेली. सडाफटिंग हलका म्हणून इतके दिवस तगला, आणि त्याच्या हलकेपणामुळे तिची चूक झाकून राहिली. खरं काम दिलं त्या दिवशी त्यानंही मान टाकली, डिस्क जळू नयेत म्हणून स्वतःहून. नाचता येईना अंगण वाकडं! तिनं तीन सिस्टिमी बदलल्या, भाचीचं डोकं खाल्लं, आणि कारण तिच्या स्वतःच्याच खोलीत होतं. फोटोताई तिथल्या स्टुलावर बसली आणि एकटीच हसायला लागली. मग हसणं थांबलं आणि तिचं लक्ष त्या फळ्यांकडे गेलं.

ही खोली तिनं कुणालाही पाडू दिली नव्हती. भावाला नाही, कव्हरवाल्याला नाही. या अंधारासाठी ती जन्मभर भांडली होती. पण वडिलांनी अंधार जपायला सांगितला होता तो फिल्मसाठी. चेहरे आता फिल्मवर नव्हते. अंधार जपायचा की चेहरे, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारल्यावर उत्तराला वेळ लागला नाही.

ठोकाठोकीचा आवाज ऐकून भाऊ धावत आला. लाल बल्ब लागलेला होता म्हणून तो सवयीनं दाराबाहेरच थबकला. "ताई! काय चाललंय आत?"

"उघड! ये आत!"

"बल्ब लागलाय!"

"खड्ड्यात गेला बल्ब!"

त्यानं दार उघडलं. फोटोताई स्टुलावर उभी होती, हातात हातोडी, केसांत धूळ. फळ्या खाली पडल्या होत्या. काळी रंगवलेली खिडकी तिनं बाहेर ढकलून सताड उघडली होती आणि दुपारचं ऊन थेट ट्रेच्या ओट्यावर पडलं होतं. भिंतींचा रंग हिरवा होता, हे भावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोघं त्या खोलीत वाढले होते आणि दोघांनी ती कधी पाहिली नव्हती.

"डबा चांगला आहे," ती धापा टाकत म्हणाली. "सिस्टिम चांगली आहे. मूर्ख मी आहे. मी त्याला कोंडून मारलं. आता महिना पहिल्यापासून मोज."

"ताई, आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं की डबा बंद पडला तर. डबा पडला नाही, मी पाडला. तुला वाटत असेल ही पळवाट आहे, तर आत्ता उचल त्या डिस्क आणि पाठव वर. मी अडवणार नाही. पण तुला खरं काय वाटतं ते माझ्याकडे बघून सांग."

भावानं तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. चिकटपट्टी निघाली होती आणि हिरवे दिवे उजेडात जेमतेम दिसत होते. त्यानं त्या गुंडाळलेल्या पट्टीला बोट लावलं. त्यालाही फिल्म कळत होती, एका बापाची लेकरं होती दोघं.

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "पण या वेळी खोलीची एक किल्ली मी ठेवणार. तुला दार लावायची खोड आहे."

पंख्याचं भोक मोकळं झालं. कुलूपवाल्यानं खिडकीला जाळी आणि दाराला एक साधं कुलूप बसवून दिलं, आणि त्याच्या दोन किल्ल्या करून दिल्या, त्यातली एक भावाला. सडाफटिंग पुन्हा उठला. सगळे जुने चेहरे आत उतरले, टकटक करणाऱ्या डिस्कवरचेही. शेवटचा चेहरा उतरून झाल्यावरच ती डिस्क कायमची गप्प झाली. कुलूपवाल्याच्या बायकोचा श्वास रोखलेला फोटो सापडला, आणि त्यावरून तिनं नवऱ्याला विचारलं की आजकाल मला पाहून तुम्हाला का नाही असा श्वास रोखून धरावासा वाटत, तेव्हा तोही फोटो भांडणाचाच निघाला. पाऊस झाला, ऊन झालं, एकदा वीज गेली तेव्हा डबा जोडून दिलेल्या बॅटरीवर चालला. पहिला पूर्ण महिना झाला. त्या दिवशी भावानं गल्ल्याखाली पाय ठेवायला एक लाकडी खोका आणला.

मग त्यानं स्वतःहून वरचं कपाट उघडलं. सगळे चेहरे, एकूण एक, तो खाली उतरवू लागला. काम बरेच दिवस चाललं. शेवटचा फोटो उतरला तो त्याचा स्वतःचा होता, समोरून, डावीकडून, उजवीकडून. फोटोताईनं तो पाहिला. त्याची हनुवटी फार खाली गेली होती.

"वाईट काढलायस," ती म्हणाली. "उद्या बस. मी काढते."

खातं कायमचं बंद करायचं बटण त्याच्या समोर होतं. ते दाबल्यावर कंपनीनं एक शेवटचा प्रश्न विचारला. तुम्ही का चालला आहात, ते कृपया सांगा. खाली कारणं मांडलेली होती: भाडं जास्त वाटलं, वापर कमी झाला, दुसरी सेवा आवडली. सगळ्यांच्या शेवटी 'इतर', आणि लिहायला एक रिकामी चौकट.

भावानं 'इतर' निवडलं. बोटं कळफलकावर ठेवून तो बहिणीकडे बघत राहिला. "काय लिहू?"

फोटोताई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "त्यांनी विचारलं होतं ना, चेहरे कुठून आले म्हणून? उत्तर द्यायचं राहिलंय. लिही. चालत आले होते. चालत घरी गेले."

भावानं ते अक्षरन् अक्षर लिहिलं. तिनं पुन्हा वाचलं, आणि थांबली.

"आदरणीय महोदय नाही लिहिलंस?"

"नाही," भाऊ म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.